कोनं धाडलं तुमाले?

तुळशीरामजी निपाने यांच्या दारात पाऊल टाकलं की ‘या’, ‘बसा’, ‘पाणी घ्या’ यातलं काहीच आधी येत नसे. आधी यायचा एक प्रश्न, “कोनं धाडलं तुमाले?” पोस्टमन असो की स्वतःचा जावई, या प्रश्नातून कोणाची सुटका नव्हती. गावात तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात नाडी देण्याआधीही त्यांनी हेच विचारलं होतं म्हणतात. मी तर भंडाऱ्याहून मोटारसायकलवर आलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. पहिल्या भेटीत मी म्हणालो, “अहो, तुम्हीच फोन केला होता ना मला?” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “फोन मीच केला. पन ज्यानं मले तुमचा नंबर देला, त्यानं तो कायले देला, हे पाहा लागते ना बाबू.”

आंधळगावच्या विणकरांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. उंच, वाळकी अंगकाठी, एका बाजूला दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि कमरेच्या करदोट्याला एक किल्ली. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः माग चालवला होता आणि त्या वेळची एक सवय शेवटपर्यंत सुटली नाही. कोणतीही साडी हातात आली की ते आधी उलटी करायचे. “समोरून सबन साड्या चांगल्याच दिसतेत,” म्हणायचे, “पाठ दाखवा.” माणसांच्या बाबतीतही त्यांचं धोरण तेच होतं. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा निम्मा झाला, त्याला कितीतरी वर्षं लोटली होती, तरी विषय निघाला की डोळे बारीक करून विचारत, “पन जिल्हा तोडाले पहिले सांगतलं कोनं?” जसं काही त्या माणसाचं नाव कळलं असतं तर ते त्याला बोलावून जाब विचारणार होते.

सोसायटीची वेबसाइट होती. गावातल्या साड्या तिच्यावर दिसायच्या आणि पुण्या-बेंगळुरूची गिऱ्हाइकं थेट मागवायची. ही साइट ज्या सर्व्हरवर चालायची, तो कॉम्प्युटर सोसायटीच्या ऑफिसातच, भिंतीजवळच्या टेबलाखाली ठेवलेला. शहरातल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा घ्या, कटकट राहणार नाही, असं मी सुचवून पाहिलं. तुळशीरामजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्या कंपनीत माझी भागीदारी असावी. “आपला माल दुसऱ्याच्या घरी काहून ठेवाचा जी?” म्हणाले.

मला बोलावलं होतं ते साइट मधूनच बंद पडते म्हणून. कायमची बंद पडती तर बरं झालं असतं, दोष हाती लागला असता. ही मात्र चालता चालता जायची, थोड्या वेळाने आपोआप यायची. कधी आठवडाभर ठणठणीत, तर कधी एकाच दिवशी दोनदा-तीनदा गुल. लग्नसराईत तर फारच. साडी बघता बघता पान कोरं व्हायचं आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. नागपूरचा एक व्यापारी पूर्वी गावातला सगळा माल उचलायचा. साइट सुरू झाल्यापासून त्याचं येणं थांबलं होतं. आता तो पुन्हा गावात दिसायला लागला होता, आणि तुळशीरामजींच्या मते हे दोन्ही एकदम घडणं साधं नव्हतं.

मी येऊन पाहायचो तर सगळं सुरळीत. केबल बदलली, राउटर बदलला, सर्व्हरवर एका वेळी किती जण येतात, त्याची मेमरी भरते का, सगळं तपासलं. फोनलाइनवाल्यांशी भांडून झालं. छपरावर माकडं उड्या मारतात, त्यांच्यावरही संशय घेऊन झाला. मी काम करायचो तेव्हा तुळशीरामजी खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसत आणि उठायचं नाव घेत नसत. माझी बोटं कुठं जातात यावर त्यांची नजर असे. मी पाणी प्यायला उठलो तर तेही उठत. राउटरमधून एक केबल आतल्या खोलीच्या दाराखालून गेली होती. ती कुठे जाते विचारलं तर म्हणाले, “जुना कॉम्प्युटर हाये. मेला तो.” दाराला कुलूप, आणि किल्ली करदोट्याला. मेलेल्या कॉम्प्युटरला कुलूप कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण त्यांच्या घरात पाण्याच्या माठालाही साखळी होती.

मग त्यांचा संशय एका माणसावर येऊन बसला. ऑफिसात वंदना पराते नावाची बाई काम करायची. आलेल्या मागण्या बघणं, साड्यांच्या घड्या घालून पार्सल बांधणं, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं, हे सगळं तिच्याकडे. नवरा मागावर बसायचा, पण त्याचं पाठीचं दुखणं वाढलं होतं आणि घर तिच्या पगारावर उभं होतं. तिचा दोष एवढाच, की तिचा भाऊ त्या नागपूरच्या व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला होता. तुळशीरामजींनी हे दोन धागे हातात घेतले आणि गाठ मारून टाकली.

पुरावाही त्यांनी आपल्या पद्धतीने मिळवला. वंदनाताईला दोन दिवस सुट्टी दिली आणि स्वतः सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सर्व्हरसमोर बसून राहिले. जेवणाचा डबाही तिथेच मागवला. ते दोन्ही दिवस साइट एका क्षणासाठीसुद्धा गेली नाही. “आता बोला,” मला म्हणाले. मी म्हटलं, मी आलो तरीही ती जात नाही, मग मीही चोर का? ते विचारात पडले. मला वाटतं, तो मुद्दा त्यांनी खरोखरच तपासायला घेतला असावा.

गावात बोलणं झालंच. तुळशीरामजींनी ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं, त्यामुळे पाण्याच्या नळावर वंदनाताई गेली की बाया गप्प व्हायच्या. ती मला एवढंच म्हणाली, “काम गेलं तर दुसरं पाहीन जी. पन मी गावाच्या पोटावर पाय देला म्हनतेत, ते कसं पुसाचं?” तिचा आवाज चढला नाही. मला मात्र तुळशीरामजींचा संताप आला आणि तो बरेच दिवस गेला नाही. तिला काढण्यासाठी सोसायटीची मीटिंग ठरली. मी एक दिवस आधी, न कळवता, आंधळगावला गेलो.

मला बघून नेहमीचा प्रश्न आला. “कोणी नाही, मीच आलो,” म्हटलं. तेव्हा त्यांना जास्तच संशय आला आणि खुर्ची नेहमीपेक्षा जवळ ओढली गेली. मी लॅपटॉप उघडला आणि त्यावरून सर्व्हरला सारखं ‘आहेस का?’ असं विचारत ठेवलं. सर्व्हर प्रत्येक वेळी ‘आहे’ म्हणत होता. समोर वंदनाताई साड्यांच्या घड्या घालत होती. तिला माहीत होतं की तिचा इथला हा बहुधा शेवटचा दिवस, तरी घडीची कड कडेला लागत होती.

तेवढ्यात सुकराम नावाचे विणकर दारात आले. “ताणा चढवाचा हाये आज,” म्हणाले, “तेवढं करून देता का?” ताणा म्हणजे मागावर ताणून बसवायचे उभे धागे. तुळशीरामजी गडबडले. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, किल्ली चाचपली. “उद्या चढव,” म्हणाले. सुकराम म्हणाले, “पाजनी झाली जी. खळ दिलेला धागा कसा ठेवाचा?” शेवटी ते उठले, कुलूप काढलं, आत गेले आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, देवाची काही पूजाबिजा असेल.

थोड्या वेळाने माझ्या लॅपटॉपवरची उत्तरं अडखळली. ‘आहे, आहे’ म्हणणारा सर्व्हर गप्प झाला, मग बोलला, मग पुन्हा गप्प. मी मान वर करून पाहिलं. वंदनाताईचे दोन्ही हात साडीवर होते. मग उत्तर देणारं यंत्र कोणतं ते पाहिलं, आणि उडालोच. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राचा वेगळा पत्ता असतो, आणि इथे सर्व्हरच्या एकाच पत्त्यावर दोन वेगवेगळी यंत्रं ‘मीच तो’ म्हणून ओ देत होती.

“तुळशीरामजी,” मी दाराबाहेरून ओरडलो, “आत काय चालू केलंत?”

“काही नाई. तुम्ही तुमचं काम करा.”

“ते बंद करा.”

 मग लॅपटॉपवरची उत्तरं सरळ यायला लागली. “आता पुन्हा चालू करा,” मी म्हटलं. पुन्हा गोंधळ. वंदनाताई साडी तशीच हातात धरून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

दार उघडलं. स्टुलावर जुना कॉम्प्युटर, त्याच्या कपाळाला ताजं हळदकुंकू, आणि पडद्यावर साडीच्या काठाची एक जुनी नक्षी. तो चांगला जिवंत होता. तुळशीरामजी त्याच्यासमोर पाट मांडून बसले होते.

विणकरांच्या त्या आळीतली रीत अशी, की जुना माग मोडून टाकत नाहीत. नवा ताणा चढवण्याआधी जुन्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा चार वेळा फिरवायचा, त्याला थंड पडू द्यायचं नाही. सोसायटीचा जुना माग वाळवीने खाल्ला, तेव्हापासून तो मान तुळशीरामजींनी या कॉम्प्युटरला दिला होता, कारण गावातल्या जुन्या काठांच्या नक्ष्या याच्यात होत्या. ज्याच्या घरी ताणा चढेल, त्याच्यासाठी ते हा कॉम्प्युटर थोडा वेळ चालू करायचे, एक काठ डोळे भरून पाहायचे आणि बंद करायचे. नक्ष्या कोणी चोरेल म्हणून आळीबाहेरच्यांना सांगून ठेवलं होतं की तो मेला. नवा सर्व्हर आला तेव्हा तो बसवायला तुमसरचा एक मुलगा आला होता. विणकर नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडतो, तसं जुन्यातलं सगळं नव्याला जोडून दे, एक दोरा तोडायचा नाही, असं त्याला यांनीच बजावलं होतं. त्या बिचाऱ्याने जुन्याचा पत्ताही जसाच्या तसा नव्याला दिला. जुना बंदच राहणार असं तो समजला. लग्नसराईत ताणे जास्त चढायचे, म्हणून साइट जास्त पडायची. आणि मी आलो, किंवा ते स्वतः पहाऱ्याला बसले, की ते आतल्या खोलीत जायचेच नाहीत.

त्यांनी रीत सांगितली, आणि मी हे सगळं जुळवून त्यांना सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे दाराशी आलेलं गिऱ्हाईक मीच वापस धाडून राहिलो होतो.”

“हो,” मी म्हणालो. मला तेव्हा त्यांची कीव करावीशी वाटली नाही.

मीटिंग दुसऱ्या दिवशी झाली. मला थांबवून घेतलं होतं. तुळशीरामजी उभे राहिले, आणि माणूस एका दिवसात एवढा म्हातारा दिसू शकतो हे मी पाहिलं. “संशय मी सबनसमोर घेतला होता,” ते म्हणाले, “तर सबनसमोर वापस घेतो. वंदनानं काही नाई केलं. केलं ते मी.” मग करदोट्याची गाठ सोडायला लागले. ती सुटेना. कितीतरी वर्षांची गाठ होती, सुकरामनी पुढे होऊन सोडवली. किल्ली त्यांनी वंदनाताईपुढे धरली.

तिने ती लगेच घेतली नाही. “आज देता,” म्हणाली, “उद्या संशय आला का वापस मागाल.”

“मागीन,” तुळशीरामजी म्हणाले, “माहा स्वभाव कुठं जाते? पन मंग तुले विचारीन पहिले. गावाले नाई.”

तेव्हा तिने किल्ली घेतली. त्या नळावरच्या बाया मागे उभ्या होत्या, त्यांनी हे ऐकलं, आणि मला वाटतं तिला किल्लीपेक्षा ते जास्त हवं होतं.

जुन्या कॉम्प्युटरला मी वेगळा पत्ता दिला. “रागावनार तर नाई ना तो?” तुळशीरामजींनी मला बाजूला घेऊन विचारलं. ताणे चढत राहिले, वंदनाताई आतली खोली उघडत राहिली, साइट पुन्हा गेली नाही. व्यापारी आणखी एक-दोनदा दिसला आणि मग दिसेनासा झाला. मी अधूनमधून सहज जायचो. दारातला प्रश्न चुकला नाही, फक्त उत्तर आता ठरलेलं होतं. “कोनं धाडलं तुमाले?” “वंदनाताईनं.” “मंग या,” म्हणायचे. मग पाणी यायचं, आणि ते माझ्या खांद्याशी बसण्याऐवजी समोर बसायचे.

पुढे एका सकाळी दुकानात बसल्या बसल्या मी साइट उघडली, तर उघडेना. थोडं थांबून पाहिलं, तरी नाही. सवयीने डोक्यात सगळे संशय रांगेत उभे राहिले, लाइन, राउटर, जुना कॉम्प्युटर. मी फोन लावला.

“तुळशीरामजी गेले जी पहाटे,” वंदनाताई म्हणाली. “आळीतले सबन माग बंद हाएत. मंग हा एकच कायले चालू ठेवाचा? मीच बंद केला.”

मी दुरुस्तीची बॅग दुकानातच ठेवली आणि निघालो. आंधळगावला पोचलो तेव्हा आळी इतकी गप्प होती की माझ्या गाडीचा आवाज मलाच नकोसा झाला. निपान्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं, माणसं आत-बाहेर करत होती, आणि मला कोणीच काही विचारलं नाही. मी उंबऱ्याशी जरा वेळ तसाच थांबून राहिलो.