एकमताने

आमचे बाबा चर्चच्या मंडळीचे पंच आणि सेक्रेटरी होते, सलग बावीस वर्षं. पगार नाही, मान मात्र भरपूर. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. पंचांच्या बैठकीत जे ठरेल ते बाबाच लिहायचे आणि ठरावाची प्रत चर्चच्या दारातल्या फळ्यावर स्वतः लावायचे. लोक आधी अक्षराचं कौतुक करायचे, मग ठराव वाचायचे. बाबांची कॉलर ताठ व्हायची.

सुरुवात अगदी किरकोळ गोष्टीवरून झाली. पुढचा बाक एका कारखानदाराच्या कुटुंबासाठी राखून ठेवायचं ठरत होतं. पंचांमधल्या सुतारानं विरोधात हात वर केला. "देवाच्या घरात कसले राखीव बाक?" पाळकसाहेब गोड हसले. म्हणाले, "एका हातापायी मंडळीत फूट दिसायला नको. 'एकमताने' लिहा." बाबांनी लिहिलं.

रविवारी फळ्यासमोर सुतारानं विचारलं, "सेक्रेटरी, माझा हात कुठे गेला?"

"अहो, तुमचा हात रंध्यावरच शोभतो!" बाबा म्हणाले. सगळे खो खो हसले. मीही हसले. तेव्हा मी दहा वर्षांची होते, पण म्हणून काही ते हसणं मला माफ होत नाही.

सुतार यायचा बंद झाला, आणि बाबांच्या हाताला तो शब्द बसून गेला. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक शिक्षिका रविवारच्या शाळेतून काढली, एकमताने. गायनमास्तराबद्दल एका मुलीची आई रडत तक्रार घेऊन आली. मास्तराला 'प्रेमाने समज' दिली, तीही एकमताने. आमची आई जेवताना म्हणाली, "अहो, ती बाई खोटं कशाला बोलेल?"

"मी फक्त लिहितो गं," बाबा म्हणाले. "ठरवणारे ते."

तीन वर्षांनी त्याच मास्तरानं सरावानंतर माझ्या ताईला मागच्या खोलीत गाठलं. ती कशीबशी सुटून, फाटक्या बाहीनं घरी आली. "बाबा, त्याला तिथून घालवा," एवढंच म्हणाली. "मला दुसरं काही नको." बाबांनी तिला शब्द दिला.

बैठकीत तक्रार फेटाळायचं ठरत होतं, तेव्हा बाबांनी विरोधात हात वर केला. एकट्यानं. बाकीचे पंच टेबलाकडे बघत बसले. पाळकसाहेबांनी आधी प्रार्थना केली, मग मऊ आवाजात म्हणाले, "मुलीचा बापच वेगळा पडला असं फळ्यावर दिसलं, तर बदनामी पोरीचीच व्हायची. नेहमीसारखं लिहा."

बाबांनी नेहमीसारखं लिहिलं. एका अक्षराचीही खाडाखोड नव्हती.

रविवारी ताई फळ्यासमोर थांबली. 'तक्रारीत तथ्य आढळले नाही. ठराव एकमताने मंजूर.' तिनं ते दोनदा वाचलं.

"बाबा, तुम्हीही?"

"नाही गं बाळा! मी हात वर केला होता. देव साक्षी आहे."

ताईनं त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटाला शाई लागली होती.

"हाच ना?" ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून चालू लागली.

आत मास्तरानं पहिलं गीत सुरू केलं. बाबा आत गेले. त्यांच्यामागोमाग मीही गेले आणि सगळ्यांबरोबर उभी राहून गायले.