कड्डिपुडी म्हणजे तंबाखू नव्हे

म्हैसूरला उतरले, तेव्हा स्टेशनाबाहेरच्या एका भिंतीवर 'तंबाखू खाऊन थुंकू नये' असं तीन भाषांत लिहिलेलं दिसलं. तिन्ही भाषांवर लोक अगदी निःपक्षपातीपणे थुंकले होते.

मी मिरजेची. गावोगाव फिरून लोकांना तंबाखू सोडायला सांगणं हे बारा वर्षांपासूनचं माझं काम. त्याच विषयावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं बोलावणं आलं होतं.

पहिला दिवस शहरातल्या विजयनगर भागातल्या एका गारढोण सभागृहात गेला. ज्यांनी उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नाही, अशा आम्ही पन्नासेक जणांनी हात पुढे करून तंबाखूला न शिवण्याची शपथ घेतली. टाळ्याही आम्हीच वाजवल्या. जेवण मात्र फर्मास होतं. बिसिबेळे भात (डाळ-भाज्या घातलेला गरम मसालेभात) मी दोनदा घेतला.

संध्याकाळी गोकुलम भागात फेरी निघाली. तिथे योग शिकायला आलेले परदेशी पाहुणे नारळपाणी पीत बसलेले. त्यांना तंबाखूचे तोटे सांगणं म्हणजे दंतवैद्याच्या घरी जाऊन दात घासायला शिकवणं. आमचे संयोजक देशमुख नोकरीसाठी पुण्याहून येऊन इथेच राहिलेले. त्यांना विचारलं, "फेरी इथेच का?"

"इथे फोटो छान येतात, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मला जुन्या शहरातल्या शिंप्यांच्या गल्लीत पाठवलं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणारी विठ्ठलभक्त मराठी घरं, म्हणून मराठी बोलणारी बाई हवी होती. घरोघरी एक फॉर्म भरायचा. 'तंबाखू घेता का?' याचं उत्तर 'होय' आलं, तर चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी असेल, तर गल्लीच्या टोकाला मांडलेल्या शिबिरात डॉक्टर तोंड तपासणार.

पहिलंच घर शांताक्कांचं. साठीच्या बाई, ब्लाउजला हुक लावत उंबऱ्यात बसलेल्या.

"या बा, कूतकोळ्ळी, बसा," त्या म्हणाल्या. मी प्रश्न विचारताच त्यांनी सुई खाली ठेवली. "तंबाखू? छे छे! देवराणे (देवाशपथ), आमच्या घरात कोणी शिवत नाही."

मी 'नाही'वर खूण केली. गल्लीतल्या सगळ्याच घरांनी 'नाही' सांगितलं. देशमुखांना फोन केला, तर ते खूश. "वा! 'तंबाखूमुक्त गल्ली'ची पाटी तयारच आहे. दुपारी लावून टाकू."

परतताना शांताक्कांनी मला जेवायला थांबवलं. चित्रान्न (फोडणीचा लिंबूभात) होतं. त्या चिमटीचिमटीने भात ओठांतून आत सारत होत्या. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं.

"दुखतं का?"

"तिखट स्वल्प झोंबतंय, इतकंच. वर्ष झालं."

जेवण झाल्यावर त्यांनी स्टीलची डबी काढली. विड्याचं पान, चुना, सुपारी आणि वर तपकिरी भुकटीची चिमूट.

"अक्का, हे काय?"

"कड्डिपुडी."

'कड्डि' म्हणजे काडी, 'पुडि' म्हणजे पूड. कसली काडी, ते नावात नाहीच. मी वास घेतला आणि ओळखलं. "अहो, ही तंबाखूच्या काड्यांची पूड! मघाशी नाही म्हणालात?"

"तंबाखू गंडसं (पुरुष) खातात. हे आम्ही बायका जेवल्यावर सुम्ने (उगीच) घेतो, अल्लवा (नाही का)?"

गल्लीतल्या सगळ्या 'नाही'चा उलगडा झाला. फॉर्म कुणी कुठल्या गार खोलीत बसून केला असेल त्याला दंडवत! मी धावत शिबिराकडे गेले. देशमुख पाटीला खिळे ठोकून घेत होते.

"प्रश्न चुकलाय. 'कड्डिपुडी घेता का' असं विचारायला हवं."

"मॅडम, फॉर्म मंजूर झालेला आहे. गल्ली तंबाखूमुक्त निघाली हे चांगलंच ना?"

"गल्ली नाही, तुमचा कागद तंबाखूमुक्त निघालाय."

मी शांताक्कांच्या फॉर्मवरचं 'नाही' खोडलं, 'होय' लिहिलं, वहीतली चिठ्ठी फाडली आणि त्यांना हाताला धरून शिबिरात घेऊन आले. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. अक्का संतापल्या होत्या. "सगळ्यांसमोर मला तंबाखू खाणारी ठरवलीत बा तुम्ही. घरी जेवू घातलं, त्याचं हे?"

शरम वाटली, पण त्यांचा हात सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला. "आज आलात ते बरं केलंत," एवढंच त्या कानडीत म्हणाल्या आणि मोठ्या हॉस्पिटलात चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचा कागद लिहून दिला. अक्कांनी तो घडी करून ब्लाउजात खोचला. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या तिसऱ्या घरातल्या सरोजाला पण विचारा. कड्डिपुडी म्हणून विचारा, तंबाखू म्हणू नका."

संध्याकाळपर्यंत मी सगळी घरं पुन्हा केली. पाटी तेवढी दिमाखात लटकत राहिली.

मिरजेला सकाळी पोचले. इतरांना नावं ठेवत, देशमुखांच्या फोटोंना हसत घरात शिरले. आई मागच्या पायरीवर बसून मिसरी लावत होती. भाजलेली तंबाखू, बोटाने, हिरड्यांवर. लहानपणापासून पाहतेय. बारा वर्षांपूर्वी पहिला सराव-फॉर्म मी घरचाच भरला होता. 'तंबाखू घेता का?' पुढे आईला न विचारताच 'नाही' लिहून टाकलं होतं. ती दातच तर घासते!

मी पिशवी खाली टाकली.

"आई, चूळ भर," मी म्हटलं. "आणि तोंड उघड बघू."