पुढच्या कडेचा झोळ

खुर्चीवाल्यांची एक फुशारकी होती, आणि ती खरी होती म्हणून लोक ऐकून घेत. ते म्हणत, "माणूस नका दाखवू, त्याची खुर्ची दाखवा." वेताची खुर्ची उलटी करायची, विणीवरून तळहात फिरवायचा आणि मालक कसा बसतो ते सांगून टाकायचं. मधोमध खोल झोळ, म्हणजे जेवून डुलकी काढणारा. उजव्या अंगाला झोळ, म्हणजे खिडकीशी बसून रस्त्याची हालहवाल ठेवणारा. दोन छोटे झोळ, म्हणजे घरात मांजर आहे आणि खुर्ची तिच्या मालकीची आहे. आणि नुसती पुढची कड सैल, मागची वीण नव्यासारखी ताठ, अशी खुर्ची आली की ते म्हणत, "ही शिपायाची. साहेबाची घंटा कधी वाजेल याचा नेम नाही, तो मागे टेकणार कधी?"

उन्हाळा लागला की त्यांना मान वर करायला फुरसत नसे. हवा तापली की लोक खुर्च्या बाहेर काढतात, आणि काढल्यावर त्यांना कळतं की खाली भोक पडलंय. मग खुर्चीवाल्यांच्या पुढच्या खोलीत खुर्च्यांचा डोंगर. कोपऱ्यात पत्र्याच्या टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, आणि मधे हे बुटक्या पाटावर मांडी ठोकून बसलेले. कात्री हमखास हरवायची आणि हमखास त्यांच्याच मांडीखाली सापडायची. शोधून द्यायचं काम बायकोचं. "काखेत कळसा न् गावाला वळसा," असं म्हणून ती पुन्हा आत जायची.

तिला सगळी गल्ली काकू म्हणायची, आपणही काकूच म्हणू. काकूंच्या पायाला भिंगरी. घरामागे चार हात जमीन होती, तिच्यात त्यांनी टोमॅटो, घेवड्याचे वेल, दोन गुलाब, एक लिंबाचं झाड आणि बोलावल्याशिवाय सगळीकडे पसरणारा पुदिना, एवढं सगळं कोंबलं होतं. बूड टेकलंच तर मागच्या दाराच्या पायरीवर, तेही घेवडा निवडत. घरात कधीही पाहा, दहा-अकरा खुर्च्या. सगळ्या लोकांच्या. घरची एकही नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

या वर्षी काकूंचा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, "पायरीवर, जमिनीवर बसणं बंद. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास खुर्चीत मागे टेकून बसायचं. दीड महिन्याने बघू. फरक नसला तर ऑपरेशन, आणि मग सहा महिने बागेत पाऊल नाही."

ऑपरेशनला काकू घाबरल्या नाहीत. सहा महिन्यांना घाबरल्या. घरी येताना मात्र म्हणाल्या, "एका अर्थी बरंच झालं. बाग मी आजवर वाकूनच पाहिलीय. बसून कशी दिसते ते तरी कळेल."

"खुर्ची मी करतो ना," खुर्चीवाले म्हणाले. त्यांना वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ.

पण सांगाडा तयार झाला आणि विणायला घेतला तेव्हा घोडं पेंड खाऊ लागलं. वीण किती ताठ ठेवायची, बैठक किती खोल, हे माणूस कसा बसतो त्यावर ठरतं. काकू कशा बसतात? डाव्या अंगावर की उजव्या? पाय दुमडून की सोडून? आठवेना. अख्ख्या गावाच्या पाठी या माणसाला पाठ, आणि चौतीस वर्षं शेजारी राहिलेल्या बायकोचं बसणं डोळ्यापुढे येईना. विचारायची सोय नव्हती, विचारलं असतं तर अब्रू गेली असती. मग त्यांनी अंदाजपंचे केली. रुंद हात, उंच पाठ, खोल बैठक, सैल वीण. लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली आणि म्हणाले, "बस, राणीसारखी."

काकू बसल्या. पाय जमिनीला टेकेनात. "छान झालीय हो," म्हणाल्या आणि दूध उतू जाईल म्हणून उठल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत घेवड्याची टोपली राणीसारखी बसायला लागली.

दुसऱ्या रविवारी मुलगी आली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे प्रश्न आडवळणाने विचारायची तिला सवय नाही.

"बाबा, आई बसते का खुर्चीत?"

"खुर्ची मी केली. आता बसवायचंही मीच का?"

"मी आईला खुर्चीत बसलेलं कधी पाहिलंच नाही."

"का? घरात खुर्च्यांना काय तोटा आहे?"

"लोकांच्या खुर्चीत बसायचं नाही, झोळ बिघडतो, असं तुम्हीच सांगितलंत ना तिला? लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात. मी लहानपणी एका खुर्चीत चढून बसले होते, तेव्हा तिने मला हेच सांगून उतरवलं होतं."

खुर्चीवाल्यांना यातलं अक्षर आठवत नव्हतं. म्हणाले असतील. दार लावून घे म्हणावं तसं म्हणाले असतील, आणि विसरले असतील. समोरची विसरली नव्हती, एवढाच फरक.

मुलगी गेल्यावर ते बागेत गेले. काकू शेजारणीकडे विळी मागायला गेल्या होत्या. त्यांनी टोपली उचलून खाली ठेवली, खुर्ची उलटी केली आणि सवयीने तळहात फिरवला. नवी वीण पहिल्या पंधरवड्यातच खरं बोलते. मागे सगळी ताठ, जशी विणली तशी. पुढच्या कडेला चार बोटं रुंदीचा झोळ.

म्हणजे त्या बसत होत्या. टोपली बाजूला करून, कोणी बघत नसताना, कडेवर, हाक आली की उठता येईल अशा.

'शिपायाची' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला. आजवर ते हा शब्द उच्चारून हसत आले होते. आज त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. घंटा कोण वाजवतं हे शोधायला लांब जायचं नव्हतं.

तरी माणूस कारागीर, मोजल्याशिवाय मानणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा रिकामा डबा शेजारी घेतला आणि आपण "अगं" अशी हाक मारली की वेताचा एक तुकडा त्यात टाकायचा असं ठरवलं. पाणी दे. कात्री कुठंय. चष्मा बघ. दारात कोण आलंय. किती वाजले, आणि घड्याळ तर समोरच्याच भिंतीवर. जेवणापर्यंत डब्यात एकोणीस तुकडे झाले. त्यांनी ते बाहेर ओतून पुन्हा मोजले. एकोणीसच.

मग त्यांनी विसावी हाक मारली. "अगं, इकडे ये. या मापाच्या फळीवर बस. गिऱ्हाईक बसतं तशी."

"गिऱ्हाइकाला आधी चहा विचारता तुम्ही," काकू म्हणाल्या.

खुर्चीवाले उठले आणि चहा करायला गेले. साखर कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायला तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. पहिल्या डब्यात डाळ, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात मीठ, चौथ्यात एकदाची साखर. काकू फळीवर बसून हे डबे वाजणं ऐकत होत्या आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. चहा पाणचट झाला होता. त्या सगळा प्यायल्या.

खुर्चीवाल्यांनी दोरी घेऊन जमिनीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतचं माप घेतलं. माप घेता घेता, मान खालीच ठेवून म्हणाले, "लोकांच्या खुर्चीत बसू नकोस, असं म्हणालो होतो मी?"

"म्हणाला होतात."

"चुकलं माझं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "दोरी नीट धरा, सुटतेय."

त्या दिवशी त्यांनी खुर्चीचे पाय तीन बोटं कापले, सगळी वीण उसवली आणि नव्याने घातली. ताठ, उथळ, पाठीला जराशी कललेली. लोकांच्या खुर्च्या दोन दिवस थांबल्या. लोकही थांबले, न थांबून करतात काय.

पण जित्याची खोड ती. खुर्ची बदलली म्हणून कान बदलत नाहीत. पहिले काही दिवस काकू कडेवरच बसल्या. घरात कुठे भांडं पडलं की अर्ध्या उठायच्या. हाक येत नाही हे कळायलाही दिवस लागतात. इकडे खुर्चीवाले पाणी स्वतः घेत, दार स्वतः उघडत आणि दिवसाकाठी तीन-चार "अगं" गिळत. गिळलेला "अगं" बराच वेळ घशात राहतो, हे त्यांना या वयात कळलं.

डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांवर आली होती तेव्हाची गोष्ट. ऊन उतरलं होतं. टोमॅटोच्या आळ्यात पाण्याची नळी सोडलेली होती आणि काकू लिंबाखाली खुर्चीत होत्या. खुर्चीवाले पाट घेऊन मागच्या दारात विणत बसले होते. पट्टी संपली, टोक कापायचं होतं, आणि कात्री नव्हती.

त्यांनी टबात पाहिलं. पट्ट्यांच्या जुडीखाली पाहिलं. खिसे चाचपले. तोंड आपसूक उघडलं, "अग..." आणि त्यांनी ते मिटलं. पण अर्धी हाक सुटून गेली होती, आणि बागेला पोचायला अर्धी पुरत होती. ते खुर्चीकडे बघत राहिले.

"मांडीखाली बघा," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

कात्री मांडीखालीच होती. ती हातात घेऊन त्यांनी पुन्हा पाहिलं. आळं भरून पाणी वाटेवर आलं होतं, पार खुर्चीच्या पायांपर्यंत. काकूंनी दोन्ही पाय थोडे वर उचलले, पाणी खालून जाऊ दिलं आणि पाठ होती तशीच मागे टेकून ठेवली. खुर्चीवाले उठून नळ बंद करायला गेले.