विसण

आज आंघोळीला बसलो आणि नळाला कोमट पाणी आलं, तशी याच लातूरच्या घरातली एक थंडी आठवली. भूकंपात आई गेली, गावातलं घर गेलं आणि वडील माझ्याकडे राहायला आले. पुढे काही वर्षांनी मी क्लासच्या मुलांना राहायला वर खोल्या काढल्या, नवे नळ बसवले. दिवसभर वर गलका असे आणि खाली वडील एकटे. नळाचं काम झाल्यापासून त्यांच्या न्हाणीत गरम पाणी कोमटच येत होतं, पण ते बोलले नाहीत. बायकोच्या हाताला ते पाणी लागलं तेव्हा मला कळलं. प्लंबरनं गीझर तपासला, वर जाऊन आला आणि हसला. "पोरं नुसतं शॉवरचं बटण बंद करतेत, सर. गरम-गार दोन्ही चाव्या उघड्याच. तिथून गार पाणी गरम लाईनीत घुसून राहिलंय. तुमच्या दादाला आयतंच विसण मिळून राहिलं." चाव्या बंद केल्यावर वडिलांच्या बादलीतून वाफ निघाली. मी चिडूनच विचारलं, "दादा, इतके दिवस सांगायचं न्हाई का?" त्यांनी पाण्यात बोटं घातली आणि झटकन काढली. "काय सांगायचं? तुझी माय बी असंच लई विसण घालायची. मी वरडायचो तिला." मी घाईनं तांब्याभर गार पाणी विसण म्हणून बादलीत ओतलं. "राहू दे रे," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आता दादा नाहीत, बायकोही नाही, मुलगा पुण्याला असतो. वरच्या पोरांच्या चाव्या बघायला मी आज गेलो नाही.