पडवीतला वारा

देवाने इतरांना नाक श्वासासाठी दिलं असेल, आमच्या शेजारच्या तांडेलांना मात्र ते वाऱ्याची चौकशी करण्यासाठीच दिलं होतं. तीस वर्षं गलबत हाकून म्हातारे घरी बसले, पण त्यांच्या खाटेने काही नांगर टाकला नाही. सकाळी ती अंगणात असे, दुपारी माडाखाली आणि संध्याकाळी थेट कुंपणाला टेकलेली. बोट ओलं करून हवेत धरल्याशिवाय ते जेवायलाही बसत नसत. अस्पृश्यतेविरुद्धचं माझं पहिलं पत्रक छापून आलं, तेव्हा मी ते मोठ्या अपेक्षेने त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते उंच धरलं आणि सोडून दिलं. पत्रक तरंगत भाट्याच्या किनाऱ्याकडे गेलं. "उत्तरेचा हाय," तांडेल म्हणाले. "कागद बरा हलका घेतलास."

त्यांची एक पोरकी नात होती. शाळेचं नाव काढलं की ती दाराची चौकट धरून रडे. असंच चाललं असतं तर तिचं शिक्षण तिथेच संपलं असतं. आळीतल्या आईबापांनी आपापली औषधं सुचवली. कोणी म्हणे ओच्यात चिंचा बांधून द्या, कोणी म्हणे मास्तरांची छडी लपवा. मी म्हणालो, मुलं न्यायाने सुखी होतात. तांडेल सरळ शाळेत गेले आणि वर्गाच्या मधोमध त्यांनी बोट ओलं केलं.

"मास्तर, हितं वारा कोंडलाय. माझी पोर पडवीत बसंल."

"तांडेल, तिथे कोण बसतं ठाऊक आहे ना?"

पडवीत महारवाड्यातली एक मुलगी गोणपाटावर एकटीच बसे आणि दारातून येईल तेवढं शिके. तांडेल तिच्यापुढे वाकले. "बाय, जागा तुझी. माझ्या नातीला वायच सरकशील?" मास्तरांकडे भीत भीत बघत ती सरकली.

दुसऱ्या दिवसापासून नातीचं रडणं थांबलं आणि गावाचं सुरू झालं. भजनात तांडेलांच्या आजूबाजूचे लोक उठून लांब बसले. "बरं झालं, वारा लागतोय," ते म्हणाले; पण त्या दिवशी ते आरतीआधीच घरी आले.

पुढे ज्येष्ठात वारा फिरला. पडवीत पाण्याची झड येऊ लागली, तशी मास्तरांनी नातीला एकटीला आत बोलावलं. तिने पडवीचा खांब धरला. "तिला पण," एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी तांडेलांना बोलावणं गेलं.

"मास्तर," ते म्हणाले, "वारा फिरला म्हणून गलबतातली अर्धी माणसं आम्ही कधी भिजत ठेवली नाय."

मास्तरांनी गोणपाट स्वतःच्या हाताने आत ओढलं.

तांडेलांना हे सारं आधीपासून दिसत होतं, की त्यांना खरोखर फक्त वाराच हवा होता, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आता ते नाहीत. पत्रकं मी अजून छापतो, अजून रागानेच छापतो. पण पहिली प्रत संध्याकाळी भाट्याच्या वाळूत नेतो, उंच धरतो, सोडतो, आणि ती कुठे जाते ते बघत उभा राहतो.