सुमनताईंच्या बावीस पिना

बॉलिंगच्या टीममध्ये सुमनताईंचं नाव घातलं गेलं ते त्यांना न विचारताच. चाकणला त्यांच्या कंपनीत गाड्यांचे रबरी भाग बनायचे. सुमनताई तिथे पॅकिंगला होत्या, आता लाइन लीडर. एक दिवस कॅन्टीनमध्ये मेंटेनन्सचा बंटी ताट घेऊन समोर येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, रविवारी सकाळी चिंचवडच्या मॉलमध्ये यायचं. चाकण-तळवड्याच्या कंपन्यांची बॉलिंगची लीग आहे. तुमचं नाव दिलंय मी."

"अरे, मला काय येतंय त्यातलं?"

"येत नाही म्हणून तर तुमचं दिलंय!" बंटी हसला. "प्रत्येक टीममध्ये एक लेडीज पाहिजेच. आणि जिला येत नाही तिला हँडिकॅप मोठा मिळतो. तुम्ही फक्त बॉल सोडा. बाकी आम्ही तिघं बघतो."

हँडिकॅप म्हणजे काय ते त्यानं भाकरीचे तुकडे मांडून समजावलं. मुरलेला खेळाडू एका डावात दीडशे-पावणेदोनशे गुण करतो (गुणांनाही तिथे पिनाच म्हणतात), नवखा साठ. मग दोघांचा सामना कसा व्हायचा? म्हणून दोनशेतून ज्याची त्याची सरासरी वजा करायची, उरतील त्याचे ऐंशी टक्के त्याला वरून द्यायचे. ज्याची सरासरी कमी, त्याला वरच्या पिना जास्त. सुमनताईंना हे ऐकताक्षणी पटलं. जो मागून निघालाय त्याला थोडं पुढं आणून उभं करायचं, आणि मग म्हणायचं, पळा आता. यात कुणावर अन्याय नाही.

रविवारी त्या गेल्या. पंजाबी ड्रेसवर ते भाड्याचे दोन रंगांचे बूट घातले तेव्हा त्यांना स्वतःचंच हसू आलं. बंटीनं हातात दिलेला बॉल इतका जड होता की तो सोडताना त्याच्यामागोमाग आपणही जातो की काय असं त्यांना वाटलं. बॉल दोन हात सरळ गेला आणि शहाण्यासारखा वळून लाकडी लेनच्या कडेच्या नाळीत, गटरमध्ये पडला. दुसराही तिथेच. डाव संपला तेव्हा पडद्यावर त्यांच्या नावापुढे अठ्ठावन्न होते. त्या ओशाळून मागे वळल्या, तर बंटी टाळ्या वाजवत होता.

"एक नंबर, ताई! असंच चालू द्या."

टाळ्या कशाच्या, ते कळायला त्यांना जरा वेळ लागला. पहिले चार रविवार नुसते सरासरी ठरवण्याचे होते. त्यांची हारजीत कुठे धरायची नव्हती. चौथ्या रविवारी हँडिकॅप ठरला की तो फायनलपर्यंत तसाच राहणार होता. सुमनताई जितक्या वाईट खेळतील, तितकी बंटीच्या टीमची शिदोरी मोठी.

पुढच्या रविवारी एकाहत्तर झाले. बंटी खूश होता, पण सुमनताईंना तो गटरमध्ये पडणाऱ्या बॉलचा आवाज सहन होईना. घडाड् करून पडायचा आणि मग आतल्या आत गडगडत जायचा, जसं कुणी आपल्याला नावं ठेवत लांब चाललंय. हे आपल्याला जमलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं. एकदा त्यांनी मनाशी घेतलं की घेतलं, हे खराळवाडीत त्यांच्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर नाइट शिफ्ट करून त्यांनी मुलाला, बुद्धरत्नला, इंजिनिअर केलं होतं.

मंगळवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून त्या घराच्या आधीच, चिंचवडला उतरल्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी लेन रिकाम्याच असायच्या, आणि लीगवाल्यांना सरावाला मुभा होती. तिथे रंगराव बसलेले असायचे. महाळुंग्याचे. कंपनीतून रिटायर झालेले, आता लीगच्या कमिटीत. सुमनताईंचे चार-पाच बॉल त्यांनी गपचूप बघितले आणि मग ते उठून आले.

"ताई, ह्यो बॉल कुनी दिला तुमाला? ह्यो तर बंटीच्या मापाचा हाय. हलका घ्या. आन् पिनांकडं कशाला बघताय? त्या लांब हायेत. ह्ये खाली बान काढल्यात बघा लाकडावर, त्यातल्या दुसऱ्या बानावरनं बॉल जाऊ द्या. पुढचं बॉल बघून घील."

त्यांनी हलका बॉल घेतला आणि जवळचा बाण बघून सोडला. बॉल गेला, आणि टोकाला एकदम सात पिना आडव्या झाल्या. सुमनताईंच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. शेजारच्या लेनवर एक मुलगी एकटीच सराव करत होती. तिनं हसून अंगठा दाखवला. अंजली तिचं नाव. तळवड्याच्या एका कंपनीत नुकतीच लागली होती, तीही टीमला लेडीज पाहिजे म्हणूनच आलेली. तिचे बॉल तर सुमनताईंपेक्षाही वेडेवाकडे जायचे. मग दोघी आठवड्यातून दोन-तीनदा भेटू लागल्या. एकमेकींच्या चुका मोजायच्या, आणि निघताना खाली उभ्याउभ्या चहा घ्यायचा.

तिसऱ्या रविवारच्या आधी सरावात सुमनताईंनी शंभरी ओलांडली. बंटीला कुठून तरी ते कळलं. शनिवारी तो पॅकिंगच्या टेबलाशी आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "ताई, भारी खेळताय म्हणे. पण हे दोन रविवार जरा दमानं. दोन-चार बॉल गटरला जाऊ द्यात. हँडिकॅप ठरला की मग फोडा सगळ्यांना."

"म्हणजे मुद्दाम?"

"सगळेच करतात ओ. बक्षिसाचा कप काय असाच येतो?"

सुमनताईंनी हातातल्या खोक्यावर पट्टी चिकटवली आणि ती तळव्यानं दाबत राहिल्या. बंटीला वाटलं, पटलं.

त्या संध्याकाळी बुद्धरत्न तळवड्याच्या ऑफिसातून घरी आला तेव्हा आई गॅससमोर नुसतीच उभी होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "आई, खेळ आहे तो. कंपनीत रोज बंटीशी गाठ आहे तुझी. दोन बॉल वाकडे टाकून दे आणि मोकळी हो."

"तुझ्या ॲडमिशनचे पेढे वाटत होते मी," सुमनताई म्हणाल्या, "तेव्हा समोरची सोजरबाई काय म्हणाली होती आठवतंय? 'तुमचं काय बाई, तुम्हाला फुकटचं मिळतंच.' तू बारा-बारा तास त्या पत्र्याखाली बसून अभ्यास केलेला. तो तिनं डोळ्यांनी बघितला होता, तरी म्हणाली."

बुद्धरत्ननं पाठीवरची बॅग खाली ठेवली.

"ज्याला गरज आहे त्याला हात द्यायला ठेवलेली गोष्ट आहे ही. ती खोटं बोलून कुणी घेतली ना, की मग खरं घेणाऱ्यालाही लोक चोर म्हणतात. मी नाही त्यात जायची."

रविवारी पहिला बॉल हातात घेतला तेव्हा बंटी मागं उभा होता. त्यांना त्याचा श्वाससुद्धा जाणवत होता. मुद्दाम वाकडं टाकायला काहीच लागत नव्हतं, मनगट जरासं वळवलं की काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. सुमनताईंनी दुसरा बाण बघितला आणि हात सरळ सोडला. नऊ पिना पडल्या. डाव संपला तेव्हा एकशे अठरा झाले होते. पुढच्या रविवारी एकशे एकवीस.

बंटी त्यांच्याशी बोलेना. चार रविवारांची सरासरी ब्याण्णव निघाली आणि हँडिकॅप शहाऐंशी. बंटीनं हिशेब आधीच करून ठेवला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे खेळल्या असत्या तर तो एकशे आठ झाला असता. "बावीस पिना," तो बाकीच्या दोघांना म्हणाला, सुमनताईंना ऐकू जाईल असं. "बावीस पिना ताईंनी गटरमध्ये घातल्या."

तरीही टीम चांगली खेळत गेली आणि सेमीफायनलला पोचली. समोर अंजलीची टीम आली. त्या दिवशी अंजलीला काय झालं होतं कोण जाणे. बॉल सोडला की पिना पडायच्या. एकदा तर लागोपाठ दोन स्ट्राइक पडले, म्हणजे एकाच बॉलमध्ये दहाच्या दहा पिना, आणि ती जागच्या जागी उड्या मारू लागली. सरावात जिनं कधी शंभर बघितले नव्हते तिनं एकशे एकतीस केले, वर तिचा हँडिकॅप एकशे दहा. सुमनताईंनीही कसर ठेवली नव्हती, पण शेवटी पडद्यावर बेरीज आली आणि त्यांची टीम तेरा पिनांनी हरली.

तेरा. बावीसपेक्षा कमी. बंटीनं बूट काढून आपटले.

"ती पोरगी चोर आहे," तो थेट रंगरावांच्या टेबलाकडे गेला. "बासष्टची सरासरी आणि आज एकशे एकतीस? चार रविवार मुद्दाम खराब खेळलीय. आमच्या टीमची तक्रार आहे. तिला बाद करा."

भोवती गर्दी जमली. अंजलीचा चेहरा पांढरा पडला. तिच्या टीमची मुलं तिच्याकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यात थोडा संशयही होता. ते सुमनताईंना दिसलं.

रंगरावांनी चष्मा काढला. "तक्रार समद्या टीमची पायजे. चौघांचं ह्येच म्हननं हाय का?"

बाकीचे दोघं होकाराच्या माना हलवून मोकळे झाले. सुमनताई एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा पुढं आल्या.

"माझं नाही."

"ताई!" बंटी दात आवळून म्हणाला.

"मी हिच्या शेजारच्या लेनवर महिनाभर खेळतेय," सुमनताई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग ठाम झाला. "हिचे बॉल गटरमध्ये जाताना मी बघितलेत. रडतानाही बघितलंय एकदा. तिचा हँडिकॅप खरा आहे. आज तिचा दिवस होता. चांगलं खेळली म्हणून चोर कसं म्हणता तिला?"

"पन मग लबाडी कोन करतंय का न्हाई लीगमदी?" रंगरावांनी विचारलं. "कानावर येतंय आमच्या."

बंटी खाली बघू लागला. सुमनताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"करत असतील. खराब खेळा म्हणून मलाही सांगितलं होतं. कुणी ते सोडा. पण रंगरावभाऊ, तुम्ही चार रविवारांवर कुलूप लावून बसता, मग लोक ते चार रविवार मुद्दाम घालवणारच. सरासरी दर रविवारी नवी काढा. खेळ वाढेल तशा वरच्या पिना कमी होऊ द्यात."

"पुढल्या साली बघू," रंगराव म्हणाले.

"'बघू' नको, भाऊ. ठरवा. या पोरीसारख्या अजून येतील, त्यांना कुणी चोर म्हणायला नको."

तक्रार तिथेच मिटली. अंजलीची टीम फायनलला गेली आणि तिथे सपाटून हरली. नियम काही लगेच बदलला नाही. सुमनताई कमिटीच्या मागे लागल्या. बुद्धरत्ननं डोक्याला हात लावला. पण पावसाळ्यानंतरची लीग सुरू झाली तेव्हा सरासरी दर आठवड्याला निघायला लागली होती.

बंटीनं त्यांना टीमबाहेर काढलं, याचं त्यांना वाईट वाटलं. वाईट वाटलं नाही असं त्या कुणाला म्हणाल्याही नाहीत. त्यांनी पॅकिंगमधल्याच तिघी गोळा केल्या. दिपाली होती, विजयश्री होती, आणि पन्नाशी उलटलेल्या मंजुळाबाई, ज्यांनी पहिल्या दिवशी बॉलला हळदीकुंकू लावायचं काढलं होतं. चारही बायकांची टीम लीगमध्ये ही एकच होती. हँडिकॅप दणदणीत मिळाला, आणि कुणी बोललंच तर सुमनताई शांतपणे सांगायच्या, "घेतोय ना. दर रविवारी कमी करतोय, बघत राहा."

नव्या नियमातही भानगडी होत्याच. दिपाली दोन आठवडे झपाट्यानं सुधारली आणि तिचा हँडिकॅप इतका घसरला की तिसऱ्या आठवड्यात हात जरा बिघडताच टीम उताणी पडली. "मग चांगलं खेळून फायदा काय?" ती वैतागून म्हणाली. सुमनताईंनी तिच्या हातात पुन्हा बॉल दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "खेळ वाढतो त्याचे ऐंशी टक्केच कापतात. वीस आपल्याकडे राहतात. ते वाढवायचे."

बंटीच्या टीमशी गाठ पडली ती शेवटून दुसऱ्या रविवारी. बायका एकोणतीस पिनांनी हरल्या. हात मिळवताना बंटी कानशील खाजवत म्हणाला, "ताई, पुढच्या सीझनला परत या की आमच्यात. आता तसलं काही नाही सांगणार मी."

"ते मला दिसतंय," सुमनताई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं होतं, ते लपलं नाही. "पण मंजुळाबाईंचा बॉल आत्ता कुठं बाण धरायला लागलाय. त्यांना सोडून नाही येता यायचं."

मग त्या लेनकडे वळल्या. लेनची वेळ संपायला अजून थोडा अवकाश होता आणि मंजुळाबाई बॉल छातीशी धरून त्यांची वाट बघत होत्या.