आधी पाणी, मग प्रश्न

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी मेट्रोत होते. व्हाइटफील्डहून बसवनगुडीला त्याच्याकडेच जेवायला निघाले होते, पिशवीत त्याच्यासाठी कडबोळ्यांचा डबा होता. वहिनींचा फोन आला. "गिरिजा, अंघोळ करून खुर्चीत बसले, ते बसलेच ग... डॉक्टर येऊन गेले." मॅजेस्टिकला गाडी बदलायची होती, ती मी बदलली. कशी, ते आठवत नाही. डोक्यात मात्र एक विचित्र विचार सारखा येत होता, तो पक्का आठवतो. आज फाटकाशी मला अडवणार कोण?

हणमंतअण्णा माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं. आम्ही भांडतो मराठीत आणि भाजी घेतो कन्नडमध्ये. अण्णा सैन्यात गेला, सुभेदार होऊन निवृत्त झाला. मी आनेकलच्या सरकारी शाळेत जन्मभर शिकवलं आणि गेल्या वर्षी सुटले. दोघांत साम्य एकच, भोचकपणा. फरक असा की माझ्या भोचकपणाला लोक कंटाळत आणि त्याच्या भोचकपणाला लोक आपण होऊन उत्तरं देत. निवृत्तीनंतर तो फाटकाच्या आत लोखंडी खुर्ची टाकून बसे. शेजारी एक लाकडी स्टूल. कुणीही येवो, गॅसवाला, कुरिअरवाला, लग्नपत्रिका घेऊन आलेले व्याही, आधी स्टुलावर बसायचं, स्टीलच्या लोट्यातून पाणी प्यायचं, आणि मग त्याचे तीन प्रश्न. कुठून आलात? कुठे निघालात? बरोबर काय? आम्ही सगळे त्या घराला नाकाच म्हणत असू. एकदा आमच्या व्हाइटफील्डच्या अपार्टमेंटमध्ये आला, तर तिथल्या वॉचमनला त्याने फैलावर घेतलं. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मुलांना उन्हात उभं करून तो मोबाइलवर परवानगीची वाट बघत होता. "अरे, स्वल्प बसव त्याला आधी, पाणी दे. तहानलेला माणूस खरं बोलत नाही. लवकर सुटायचं म्हणून काहीही सांगतो." दुसऱ्या दिवशी गेटवर एक प्लास्टिकची खुर्ची आली. ती अजून आहे.

हे शास्त्र तो आफ्रिकेतून शिकून आला, की तिथे शिकवून आला, हे मला कधी नीट कळलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी शांतिसेनेच्या निळ्या टोपीत त्याची तुकडी तिकडच्या एका देशात गेली होती. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्याच्याबद्दल पुढे सांगणार आहे तो माणूस अजून तिथे नोकरीत असेल. अण्णाकडे दोन कामं होती. सरहद्दीवर नव्याने भरती झालेल्या तिथल्या पोलिसांना चौकी कशी चालवायची ते शिकवायचं, आणि आतल्या भागातल्या शाळांना वह्या-पुस्तकं, पाट्या, पेन्सिली पोचवायच्या. जाण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "तू मास्तरीण, सांग. शाळेत काय कमी पडतं?" मी म्हटलं, "शार्पनर. पेन्सिली सगळे वाटतात, टोक कशाने करायचं याचा विचार कुणी करत नाही." गडी गांधी बाजारात गेला आणि दुकानदार हसेपर्यंत शार्पनर घेऊन आला. निघताना मी माझंही एक काम त्याच्या गळ्यात मारलं. आमच्याकडे पोरं नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढतात, नाव घालतात, कुणी फूल काढतं. तिथली पोरं काय करतात ते बघून ये. मला फार उत्सुकता होती. वर्षभर मी फोनवर तेच विचारत राहिले आणि तो "सरी, सरी, बघतो" म्हणत राहिला. सरी म्हणजे कानडीत "बरं".

परत आला तेव्हा बारीक झाला होता आणि जरा गप्प. पहिल्या पानाचं विचारलं तर म्हणाला, "बघायला मिळालं नाही." बस्स, एवढंच. हॉलमधल्या काचेच्या कपाटात, त्याच्या पदकांच्या शेजारी, एक निळ्या पुठ्ठ्याची वही आली होती. मी हात घातला तर म्हणाला, "राहू दे, कोरी आहे." कोरी वही कपाटात कोण ठेवतं? पण खोदून खोदून विचारूनही तो बधला नाही. मग काही दिवसांनी तो बसने आनेकलला माझ्या शाळेत आला. ते दिवस माझे वाईट होते. यादगीर-रायचूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची आठ-नऊ पोरं माझ्या वर्गात होती, इमारत पूर्ण झाली आणि एका आठवड्यात सगळी निघून गेली. मी हजेरीपटावर लाल रेघा मारत बसले होते. अण्णाने विचारलं, "गिरिजा, पोरं अशी पांगली तर परत येतात का ग?" मी मान वर न करता म्हटलं, "नाही अण्णा. एकदा पांगली की पांगली." "सरी," म्हणाला आणि बाहेर जाऊन पोरांचा कबड्डीचा खेळ बघत बसला.

त्यानंतर दर जूनमध्ये तो शाळेत यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "गेल्या वर्षीचं कोण दिसत नाही?" मला वाटायचं, फौजी माणूस, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी चिडवायचे, "आमची तपासणी करायला सरकार पुरेसं आहे." तो हसायचा. गावभरच्या चौकशा करणारी मी, पण तू हे का विचारतोस, एवढं मात्र मी त्याला एकदाही विचारलं नाही.

तेराव्याला बेळगावहून मल्लाप्पा आले. तिकडे ते अण्णाच्या हाताखाली होते, वह्यांचा ट्रक तेच चालवायचे. जेवणं झाली, माणसं पांगली, ते फाटकाशी त्या स्टुलावर बसले आणि मी, अर्थातच, त्यांच्यासमोर. म्हटलं, सांगा काहीतरी तिकडचं. पाणी पिऊन त्यांनी जे सांगितलं ते असं. एका दूरच्या शाळेसाठी ट्रक भरून निघाला. वाटेत अण्णानेच शिकवलेल्या पोलिसांची चौकी, दोन पिंपांवर आडवा बांबू. त्या पोलिसांतला एक उंच, हडकुळा गडी पुढे आला. त्याने अण्णाला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, तीन प्रश्न विचारले आणि मालाचा कागद मागितला. कागदावर तिथल्या अधिकाऱ्याचा शिक्का राहिला होता. गडी म्हणाला, शिक्क्याशिवाय जाता येणार नाही.

"आम्ही सगळे म्हटलो, साहेब, तुमचा चेला आहे, एक हाक मारा, बांबू वर करतोय की नाही बघा," मल्लाप्पा सांगत होते. "साहेब आधी हासले. मग म्हणाले, मल्लाप्पा, मीच सांगितलंय ह्याला, मी जरी आलो तरी सोडायचं नाही. आज सोड म्हटलं तर उद्या हा कुणालाही सोडंल. त्या पोराशी हात मिळवला आणि ट्रक मागं फिरवायला लावला, अक्का."

शिक्का मिळायला एक दिवस लागला, पण पाऊस झाला आणि रस्ता सात दिवस चिखलात गेला. पोचले तेव्हा शाळेच्या पत्र्याखाली फक्त मास्तर होता. गुरं राखणारी माणसं ती, नव्या गवतावर घरंच्या घरं घेऊन निघून गेली होती. मास्तर एवढंच म्हणाला की येतील, नाहीतर येणार नाहीत. खोकी आत ठेवून, कुलूप लावून हे परतले. महिन्याभरात तुकडीची मुदत संपली. "येताना साहेबांनी एक वही काढून घेतली. वाटेत मला एकच विचारलं. मी चुकलो का रे? मग म्हणाले, माझी बहीण मास्तरीण आहे, तिला विचारतो, तिला ठाऊक असंल."

मला ठाऊक असेल म्हणून तो दीड तास बसमध्ये बसून आला होता, आणि मी लाल रेघ मारता मारता त्याला उत्तर दिलं होतं. त्याला आधी बसवलं नाही, पाणी दिलं नाही, आणि का विचारतोस तेही विचारलं नाही. त्या उत्तराबरोबर तो बारा वर्षं जगला. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते वाटणं जाणार नाही हेही कळतं.

कारण माझं उत्तर खरंही नव्हतं. मल्लाप्पा बोलत असतानाच मला मंजुळा आठवली. त्या लाल रेघांतलीच एक. आठ महिन्यांनी, आईबापांना पुन्हा आनेकलला काम मिळालं म्हणून, दारात येऊन उभी राहिली, तेच दप्तर, फक्त पट्टा शिवलेला. मी नाव परत लिहिलं आणि पाढे घ्यायला लागले. असं पुष्कळदा झालं होतं. पण शिक्षकाला गेलेली पोरं आठवतात. परत आलेलं पोर दुसऱ्या दिवशी वर्गातलंच असतं, त्याचं कोण काय सांगतं? अण्णाला मी त्यातल्या एकाचंही सांगितलं नाही.

मल्लाप्पा गेल्यावर वहिनींनी कपाट उघडलं आणि निळी वही माझ्या हातात दिली. "तुझ्यासाठीच आणली होती, असं म्हणायचे. कधी का दिली नाही, कोण जाणे." आता अण्णाला जाऊन पाच आठवडे झाले. लोखंडी खुर्ची आणि स्टूल अजून तिथेच आहेत, वहिनी रोज सकाळी पुसतात. काल मी गेले तर त्यांनी आधी पाणी आणून दिलं. ते पिऊन मी स्टुलावर बसले, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं... मंजुळा, चौथी, आठ महिन्यांनी परत आली. मग शरणप्पा आठवला, तो दसऱ्यानंतर आला होता. मग त्याची धाकटी बहीण, मग वीटभट्टीवरची दोघं. आठवून आठवून लिहीत होते. पान अर्धं भरलं आणि टोक मोडलं. वहिनी आत गेल्या आणि अण्णाच्या खणातून एक नवं शार्पनर घेऊन आल्या.